मालाडचे जर्मन दिवे आणि लीलाबाई

वसईच्या होळी बाजारात पहाटे केळीचे घड आणि भाजीच्या पाट्या उतरत असत त्या काळात आमच्या घरातल्या माणसांना मुंबई माहीत होती ती गिऱ्हाइकांची मुंबई. पण माझ्या आत्याला आणखी एक मुंबई ठाऊक होती, आणि ती तिने वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, थोरल्या काकांच्या मागे लागून, टांग्याने बेसीन रोड स्टेशन गाठून, तिथून विजेच्या गाडीने जाऊन एका दुपारी डोळे भरून पाहिलेली होती. त्या दुपारी तिने ‘कंगन’ हा चित्रपट पाहिला. पुढे जवळजवळ पाव शतकाने, गावाबाहेर लागलेल्या सिनेमाच्या तंबूत आम्ही पोरे तिच्याबरोबर ‘आवारा’ पाहायला बसलो असता, नवऱ्याने घराबाहेर काढलेली, पोराला पोटाशी धरून झोपडीत दिवस काढणारी ती स्त्री पडद्यावर आली, आणि आत्या माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “अरे, ही तर कंगनातली! हिला म्हातारी कोणी केली?” उत्तर देण्याचे माझे ते वय नव्हते आणि तिलाही माझ्याकडून उत्तराची अपेक्षा नव्हती, परंतु तो प्रश्न माझ्याजवळ राहिला, आणि लीला चिटणीस या नटीच्या चरित्राकडे मी जेव्हा जेव्हा वळलो तेव्हा तेव्हा त्याच प्रश्नाच्या दारातून आत गेलो.

ज्या गाडीने आत्या मुंबईला गेली त्या गाडीचाही या कथेशी संबंध आहे. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची विजेची वाहतूक बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत १९३६ साली आली. आणि नायगाव, भाईंदरची खाडी, मिरा रोड, दहिसर, बोरिवली, कांदिवली असे एकेक ठाणे मागे टाकीत ती गाडी मालाडला येई, तेथे एफ. ई. दिनशा यांच्या जुन्या बंगल्याच्या आवारात ‘बॉम्बे टॉकीज’ या मर्यादित कंपनीचा कारखाना १९३४ पासून उभा होता. कारखाना हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कलावंतांपासून सुतारांपर्यंत सर्वांस दरमहा पगार, कामाच्या ठरलेल्या वेळा, स्वतःची रसायनशाळा आणि भागधारकांना द्यावयाचा हिशेब अशी ती संस्था होती, आणि तिच्या यंत्रांवर, दिव्यांवर व कॅमेऱ्यांवर जी माणसे होती त्यांतली प्रमुख माणसे जर्मनीतल्या म्युनिक शहरातून आलेली होती. विरारपर्यंत वीज आली त्याच वर्षी त्या कारखान्यातून ‘अछूत कन्या’ बाहेर पडला. रेल्वेच्या फाटकावर राहणाऱ्या पहारेकऱ्याच्या मुलीची ती कथा, आणि तिचा अंतही रुळांवरच होतो. आमच्या बाजूच्या माणसांना त्या चित्रपटातले फाटक परके वाटले नसावे, असे मला नेहमी वाटते.

मालाडला जर्मन माणसे आली कशी, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेलेले हिमांशु राय हे बंगाली गृहस्थ तेथे नाट्यव्यवसायात ओढले गेले, आणि बुद्धचरित्रावर चित्रपट काढावा या संकल्पाने १९२४ च्या सुमारास म्युनिकला पोहोचले. तेथील एमेल्का या चित्रसंस्थेशी त्यांचा करार झाला. दिग्दर्शनासाठी फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेऱ्यावर योसेफ विर्शिंग यांच्यासारखी माणसे हिंदुस्थानात आली आणि १९२५ मध्ये ‘प्रेम संन्यास’ तयार झाला. पुढे ‘शिराज’ आणि ‘प्रपंच पाश’ हे आणखी दोन मूकपट राय आणि ऑस्टेन यांच्या सहकार्यातून झाले. या काळात राय यांची जीवनसंगिनी होती मेरी हेनलिन, बर्लिनच्या रंगभूमीवरील एक नटी आणि नर्तकी. राय यांनी १९२९ साली नटी देविकाराणीशी विवाह केला, आणि त्यानंतर मेरीचे नाव बॉम्बे टॉकीजच्या इतिहासातून पुसून गेले. ज्या संस्थेची पायाभरणी जर्मन-भारतीय मैत्रीवर झाली तिच्या कथेत पहिली जर्मन अभिनेत्री अशी दाराशीच थांबलेली दिसते, आणि मला त्याची खंत वाटते.

ऑस्टेन मालाडला रुजू झाले तेव्हा त्यांनी वयाची अठ्ठावन्न वर्षे पुरी केली होती. त्यांचे मूळ नाव ओस्टरमायर. धाकटा भाऊ पेटर याने म्युनिकनजीक गायझेलगास्टाइग येथे चित्रपटांचा कारखाना काढलेला, त्यामुळे हा व्यवसाय त्यांच्या घरातलाच होता. हिंदी त्यांना येत नव्हते. संवाद जे. एस. कश्यप लिहीत, साहाय्यक त्यांचा अर्थ सांगत, आणि ऑस्टेन ऐकत ते शब्दांऐवजी स्वरांचे चढउतार. १९३५ ते १९३९ या चार-पाच वर्षांत त्यांनी तेथे पंधराहून अधिक बोलपट दिग्दर्शित केले. विर्शिंग यांचे काम याहून सूक्ष्म होते. दिव्याचा झोत पात्रावर सरळ न सोडता तो पडद्यातून, पत्र्यावरून, कधी झाडाच्या फांदीतून गाळून घ्यावा, चेहऱ्याच्या एका बाजूस छाया राहू द्यावी आणि डोळ्यांत तेवढा एक ठिपका चमकू द्यावा, ही जर्मन मूकपटांनी सिद्ध केलेली रीत त्यांनी मालाडला आणली. देखावे उभारणारे कार्ल फॉन श्प्रेटी हे वास्तुशास्त्रज्ञही याच मंडळीतले. पुढे ते पश्चिम जर्मनीचे राजदूत म्हणून ग्वाटेमालाला गेले आणि १९७० मध्ये तेथील बंडखोरांच्या हातून मारले गेले. मालाडच्या आवारात सुतारांना नकाशे समजावून सांगणाऱ्या त्या तरुणाच्या कपाळी असे काही लिहिलेले असेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

जर्मन दिव्यांची ही विद्या मराठी चित्रपटाला केवळ मालाडच्या वाटेने मिळाली असे मात्र नाही. व्ही. शांताराम १९३३ मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढण्यासाठी जर्मनीला गेले. रंगांचे ते काम मनासारखे उतरले नाही, पण तेथील कारखान्यांतले कॅमेरे, भिंगे आणि छायाप्रकाशाची मांडणी पाहून ते परतले, आणि १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहन या नटाचा एकच डोळा अख्ख्या पडद्यावर पसरलेला पाहून प्रेक्षक हादरले. त्या डोळ्याचे स्मरण ठेवावे. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता लीलाबाईंकडे वळतो. त्यांचा जन्म धारवाडचा, वडील इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक, आणि घरातले वातावरण पुस्तकांचे. कोवळ्या वयात विवाह झाला; पती डॉ. चिटणीस हे त्यांच्याहून बरेच मोठे. दोघांचीही सहानुभूती स्वातंत्र्याच्या चळवळीशी होती, आणि सरकारचा ज्यांच्यावर डोळा होता त्या मानवेंद्रनाथ रॉय यांना त्या दांपत्याने एकदा आपल्या घरात आश्रय दिला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चार मुलगे झाले. पुढे पतिपत्नी विभक्त झाली, आणि मुलांच्या पालनपोषणाचा भार शिरावर घेऊन ही पदवीधर स्त्री आधी शिक्षिका आणि मग नटी झाली. नटी होणे हा त्या काळी प्रतिष्ठेचा मार्ग नव्हता, म्हणून या क्रमाला महत्त्व आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ च्या चित्रपटात तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाला करावी लागली होती. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम करून ती कोंडी फोडली खरी, तरी रंगभूमीवर बालगंधर्वांचे राज्य होते आणि स्त्रीसौंदर्याचा आदर्श एक पुरुष महाराष्ट्राला शिकवीत होता. त्या महान कलावंताविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण ज्या काळात स्त्रीची भूमिका पुरुषाने करणे ही कलेची परिसीमा मानली गेली, त्या काळात प्रत्यक्ष स्त्रीला रंगमंचावर आपली चाल, आपला आवाज आणि आपले मौन शून्यातून शोधावे लागले, हे विसरता कामा नये.

तो शोध ज्या संस्थेत झाला ती ‘नाट्यमन्वंतर’. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत तिचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आले. ब्योर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते लिहिले होते. केशवराव दाते, केशवराव भोळे, के. नारायण काळे अशी माणसे त्यामागे होती, आणि ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खऱ्या खोलीसारखी खोली, पदांची संख्या आवरती, पात्रांनी प्रेक्षकांकडे तोंड करून भाषण ठोकण्याऐवजी एकमेकांशी बोलावे असा आग्रह, ही सारी नवी शिस्त होती. लीलाबाई या संस्थेच्या ‘उसना नवरा’ या नाटकात आल्या. नाटकमंडळीच्या दौऱ्यांत वाढलेल्या नटीला जे सहज जमते, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द फेकणे, ते त्यांना कष्टाने शिकावे लागले असेल. परंतु त्यांच्याजवळ वाचनाने घडलेली बुद्धी होती आणि संभाषणाचा सहज सूर होता. ज्या नव्या नाटकाला नेमका हाच सूर हवा होता, त्याच्या दारात त्या योग्य घटकेला येऊन उभ्या राहिल्या.

बोलपटांत त्यांचा प्रवेश छोट्या-मोठ्या कामांनी झाला. १९३६ मध्ये वि. स. खांडेकरांच्या कथेवर मास्टर विनायक यांनी काढलेल्या ‘छाया’त त्या दिसल्या, १९३७ मध्ये प्रभातच्या ‘वहाँ’मध्ये के. नारायण काळे यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. त्याच वर्षीच्या ‘जंटलमन डाकू’मध्ये त्या पुरुषवेषात वावरल्या आणि जाहिरातींनी त्यांची ओळख महाराष्ट्रातील पदवीधर समाजस्त्री म्हणून करून दिली. पदवीचा असा गाजावाजा त्यांना आवडला असेल असे वाटत नाही. पण लोकांना मात्र नटीच्या नावापुढे ‘बी. ए.’ असणे ही एखादी सनदच वाटत होती. पुढच्या दोन वर्षांत सोहराब मोदींचा ‘जेलर’ आणि रणजितचा ‘संत तुलसीदास’ झाले, आणि मग मालाडचे बोलावणे आले.

‘कंगन’मध्ये त्यांच्यासमोर होते अशोककुमार. रसायनशाळेतला हा बुजरा तरुण १९३६ साली ‘जीवन नैया’मध्ये योगायोगाने नायक झाला होता, आणि तोवर त्याचे बहुतेक काम देविकाराणीसमोर झालेले होते. लीलाबाईंबरोबर काम करताना डोळ्यांनी बोलायचे कसे हे आपण शिकलो, अशी कबुली पुढे त्याने दिली. या एका कबुलीत मला त्या काळाचे मर्म सापडते. नाट्यमन्वंतराच्या रंगमंचावर ज्या बाईने शब्दांमधली विश्रांती कमावली, ती मालाडच्या दिव्यांखाली आली. आणि त्या दिव्यांनी तिला सांगितले की शेवटच्या रांगेची चिंता सोड, शेवटची रांग आता तुझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आहे. ज्या दिग्दर्शकाला भाषाच येत नाही त्याला चेहऱ्यावरच विसंबावे लागते. ऑस्टेन आणि लीलाबाई यांच्यात शब्दांची देवाणघेवाण फार झाली नसेल, तरी मराठी संवादनाट्य आणि जर्मन मूकपट या दोन दूरच्या विद्या एका स्त्रीच्या पापण्यांत एकत्र आल्या, आणि होळीहून गेलेल्या एका मुलीला आयुष्यभर पुरेल एवढे त्यांनी दिले. आत्याला त्या चित्रपटाची कथा नीटशी सांगता येत नसे. पण ती बाई मान किती वळवून कोणीकडे पाहते ते ती करून दाखवी.

‘कंगन’च्या काळातच महायुद्ध पेटले. सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्रज सरकारच्या हुकमाने जर्मन प्रजाजनांची धरपकड झाली आणि मालाडची जर्मन मंडळी नजरकैदेत पडली. ऑस्टेन यांना पुढे वयामुळे मोकळीक मिळून ते मायदेशी परतले. विर्शिंग युद्धभर छावण्यांत राहिले. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. ऑस्टेन हे १९३६ पासून नाझी पक्षाचे सभासद होते. अस्पृश्यतेच्या अन्यायावर चित्रपट दिग्दर्शित करणारा माणूस त्याच वर्षी त्या पक्षाच्या दप्तरी आपले नाव नोंदवतो, ही विसंगती कोणत्याही स्पष्टीकरणाने मिटत नाही, आणि त्यांच्या कलेचे ऋण मानताना ती झाकून ठेवणे मला अप्रामाणिक वाटते.

ऑस्टेन ज्या म्युनिकचे, त्याच म्युनिकमध्ये एक नटी होती, आणि तिची वाट नेमकी उलट दिशेने गेली. तेरेझे गीझे ही ६ मार्च १८९८ रोजी जन्मलेली ज्यू व्यापाऱ्याची मुलगी म्युनिकच्या कामरश्पीले या नाट्यगृहाची आधारस्तंभ होती. १ जानेवारी १९३३ रोजी एरिका मान हिच्यासह तिने ‘पेफरम्यूले’, म्हणजे ‘मिरीची गिरण’, हा राजकीय विडंबनाचा रंगमंच सुरू केला. हिटलरची सत्ता आल्यावर काही आठवड्यांतच तिला देश सोडावा लागला आणि झुरिकच्या रंगभूमीने तिला जवळ केले. नागरिकत्वासाठी १९३६ मध्ये तिने एका इंग्रज लेखकाशी नावापुरता विवाह केला. १९ एप्रिल १९४१ रोजी झुरिकला ब्रेख्तच्या ‘मदर करेज’चा जगातला पहिला प्रयोग झाला, तेव्हा युद्धाच्या मागे गाडा ओढत जाणारी, एकेक मूल गमावणारी ती फेरीवाली आई प्रथम गीझेने उभी केली, त्या वेळी ती त्रेचाळीस वर्षांची होती. पुढे १९५६ मध्ये ड्युरेनमाटच्या ‘वृद्ध बाईंची भेट’ या नाटकाची ती पहिली नायिका झाली, आणि १९७५ मध्ये तिचे निधन झाले त्याच्या आधीच्याच वर्षी लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाच्या चित्रपटात ती आजीच्या भूमिकेत दिसली होती. वय वाढत गेले तशी तिची भूमिकाही वाढत गेली.

याचे कारण जर्मन रंगभूमीच्या रचनेत शोधावे लागते. तेथे जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहराला नगरपालिकेचे किंवा संस्थानाचे स्वतःचे नाट्यगृह असे, नटांशी हंगामाचा करार होई आणि त्या करारात नटीची जात, म्हणजे तिने कोणत्या प्रकारच्या भूमिका करावयाच्या, हे नमूद केलेले असे: भाबडी तरुणी, भावुक नायिका, बैठकीतली प्रौढ विदुषी, विनोदी म्हातारी, आणि वीरमाता. वयाबरोबर नटी एका सदरातून दुसऱ्या सदरात जाई, पण त्या सदरासाठी शिलर, गटे, इब्सेन, हाउप्टमान यांनी लिहून ठेवलेली नाटके तिची वाट पाहत असत, आणि पगार चालू राही. ही पद्धत नटांना साच्यात कोंडते अशी तिच्यावर टीका झाली आहे आणि ती खरीही आहे. तरीही सदराला नाव असणे आणि त्या नावाखाली लिहिलेली थोर भूमिका असणे, यात एक प्रकारचा सन्मान होता. आपल्याकडेही वीरमातेचे सदर होतेच. फक्त ते कोणत्याही करारनाम्यात लिहिलेले नव्हते, आणि एखाद्या नटीची त्यात बदली झाल्याचा हुकूमही तिला कोणी दाखवीत नसे.

लीलाबाईंच्या बाबतीत तो हुकूम आला १९४८ मध्ये. मधल्या काळात ‘बंधन’ आणि ‘झूला’ यांनी त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले होते. त्याच सुमारास, १९४१ मध्ये, लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय चित्रतारका ठरल्या. तोवर तो मान परदेशी नट्यांचा होता. १९४२ मध्ये त्यांनी ‘किसी से ना कहना’ची निर्मितीही केली. पण काळाची चाल बदलत होती. हिमांशु राय १९४० च्या मे महिन्यात वारले होते, कंपनीत तट पडले, नव्या नायिका आल्या. आणि १९४८ च्या ‘शहीद’मध्ये लीलाबाई दिलीपकुमारच्या आई झाल्या. त्यांनी तेव्हा वयाची चाळिशीही गाठलेली नव्हती. या चित्रपटातले त्यांचे पती, सरकारधार्जिणे रायबहादुर, होते चंद्रमोहन. म्हणजे ‘अमृतमंथन’मधला तो डोळा येथे एका आईसमोर येऊन उभा राहिला. देशासाठी बंडखोर झालेला मुलगा आणि सत्तेचा चाकर असलेला बाप यांच्यामध्ये ही आई ज्या रीतीने उभी राहते, त्यात रॉय यांना घरी लपवणाऱ्या त्या तरुण गृहिणीची आठवण मला येते. ही भूमिका कमी दर्जाची होती असे मी म्हणणार नाही.

पण त्यापुढचे वर्ष पाहावे. १९४९ मध्ये बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. छावणीतून सुटलेले विर्शिंग पुन्हा कॅमेऱ्यामागे होते, तेच दिवे, तीच गाळून घेतलेली सावली, आणि त्या सावलीत नायक होते अशोककुमार, लीलाबाईंचे जवळजवळ समवयस्क; त्यांच्यासमोर नायिका होती पंधरा-सोळा वर्षांची मधुबाला. दहा वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात, त्याच छायालेखकाच्या उजेडात जो जोडा उभा होता त्यातला पुरुष अजून प्रेमी होता आणि स्त्री आई झाली होती. आत्याच्या प्रश्नाचे उत्तर याहून स्पष्ट शब्दांत मला देता येत नाही. काळ दोघांवरून सारखाच गेला होता. हिशेब मात्र एकाच्याच नावे लिहिला गेला. आणि हा हिशेब लिहिणारी कोणी एक दुष्ट व्यक्ती नव्हती. निर्माता, वितरक, चित्रगृहाचा मालक आणि तिकीट काढणारे आपण, सर्वांनी मिळून तो लिहिला, म्हणूनच त्यावर अपील करायला जागा उरली नाही.

१९५१ च्या ‘आवारा’त मात्र या अन्यायातूनही एक विलक्षण गोष्ट घडली. पृथ्वीराज कपूर यांच्या न्यायाधीशाची तरुण पत्नी म्हणून लीलाबाई त्यात प्रथम येतात. डाकूने पळवून नेल्यामुळे आलेल्या संशयावरून गर्भवती अवस्थेत घराबाहेर काढल्या जातात, पावसात रस्त्यावर मुलाला जन्म देतात, आणि मग त्याच चित्रपटात राज कपूरच्या झिजलेल्या, खोकणाऱ्या, तरीही मुलगा वकील होईल अशा आशेवर जगणाऱ्या आई होतात. म्हणजे एका नटीच्या आयुष्यात व्यवसायाने जी उडी दहा वर्षांत घ्यायला लावली, ती प्रेक्षकांसमोर दोन-तीन तासांत घडते. केस पांढरे करणे हे रंगभूषाकाराचे काम; पण पहिल्या भागातली ताठ मान दुसऱ्या भागात वाकलेली असूनही ती तीच मान आहे हे प्रेक्षकाला जाणवले पाहिजे, आणि ते लीलाबाईंनी साधले. तंबूतल्या कंदिलाच्या उजेडात, जुन्या, ठिगळलेल्या फिल्मवर आत्याने त्यांना ओळखले ते या मानेवरून, हे मला आज कळते.

पुढे त्या देव आनंदच्याही आई झाल्या, ‘काला बाजार’ आणि ‘गाइड’मध्ये, तेव्हा हिंदी पडद्यावरच्या त्या काळच्या तिन्ही थोर नायकांना जन्म देण्याचे भाग्य एका मराठी नटीच्या पदरी आले. ‘गंगा जमना’मधली त्यांची गोविंदी जमीनदाराघरी राबते, चोरीचा खोटा आळ येतो आणि त्या धक्क्याने ती प्राण सोडते, पुढची सारी कथा त्या आळाच्या ज्वाळेत पेटते. या भूमिका लहान असत, परंतु कथेचे ओझे त्यांच्यावर असे. माझी तक्रार त्या भूमिकांविषयी नाही. माझी तक्रार न लिहिल्या गेलेल्या भूमिकांविषयी आहे. चाळिशीतली, पन्नाशीतली, स्वतःच्या इच्छेने चालणारी, चुकणारी, व्यापार करणारी, भांडणारी, प्रेमात पडणारी स्त्री आमच्या पडद्याने त्यांच्यासाठी लिहिलीच नाही. मदर करेजसारखी बाई, जिचे मातृत्व आणि जिचा धंदा यांचे भांडण हाच नाटकाचा विषय आहे, ती लीलाबाईंनी कशी उभी केली असती? एकटीने चार मुलगे वाढवणाऱ्या, नाटकात व चित्रपटात पोटासाठी आणि आवडीसाठी अशा दोन्ही कारणांनी उतरलेल्या त्या स्त्रीला त्या भूमिकेचे वर्म कोणी समजावून सांगावे लागले नसते. जर्मन रंगभूमीचा आणि मराठी रंगभूमीचा थेट संबंध जुळला तो फार उशिरा, सत्तरीच्या दशकात, जेव्हा वायमारचे फ्रिट्झ बेनेविट्झ मुंबईस आले आणि विजयाबाई मेहता यांच्याबरोबर ब्रेख्तचे नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत उभे राहिले. तोवर लीलाबाईंचे दिवस मावळले होते.

स्वतःपुरता एक प्रयत्न त्यांनी केला, तोही नोंदवण्यासारखा आहे. १९५५ मध्ये त्यांनी ‘आज की बात’ दिग्दर्शित केला; स्त्रीने दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बसणे त्या काळात किती विरळ होते हे सांगायला नको. तो चित्रपट त्यांना दिग्दर्शिका म्हणून पुढची वाट मोकळी करून देऊ शकला नाही. मग १९८१ मध्ये ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र आले. रंगभूमीवर आलेल्या, चित्रपटांत नायिका झालेल्या, निर्माती व दिग्दर्शिका झालेल्या मराठी स्त्रीने आपल्या आयुष्याचा जमाखर्च आपल्याच भाषेत मांडावा याचे मोल मला फार वाटते, कारण आमच्या नट्यांविषयी जे लिहिले गेले ते बहुधा दुसऱ्यांनी लिहिले. पुढे त्या मुलांच्या आधाराने अमेरिकेत राहिल्या आणि १४ जुलै २००३ रोजी कनेक्टिकट संस्थानातल्या डॅनबरी या गावी, नव्वदी पार करून, त्यांचे निधन झाले. विर्शिंग त्यांच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, मुंबईतच वारले. त्यांनी छायांकन केलेला ‘पाकीजा’ ते गेल्यानंतर पाच वर्षांनी प्रदर्शित झाला. म्युनिकचा माणूस मुंबईच्या मातीत मिसळला, आणि धारवाडची मुलगी अटलांटिकपलीकडे.

मालाडचे ते आवार मी काही वर्षांपूर्वी पाहून आलो. बॉम्बे टॉकीज कंपाउंड हे नाव अजून चालते, टपालही त्या नावाने पोहोचते. पण आत लोखंडाचे, लाकडाचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे छोटे कारखाने आहेत, आणि जुन्या इमारतीचा जो भाग उरला आहे त्यातून झाडे उगवली आहेत. एका कारखान्यात जोडकामाची ठिणगी उडत होती. तो निळसर पांढरा झगझगाट क्षणभर भिंतीवर पडला, तेव्हा समोर उभ्या असलेल्या कामगाराच्या गालाची एक बाजू उजळली आणि दुसरी काळोखात गेली. मी तिथून निघालो, विरारची गाडी पकडली. भाईंदरच्या पुलावर खाडीचे वारे लागले तेव्हा आत्याची आठवण झाली. ती गेल्याला आता बरीच वर्षे झाली आहेत. शेवटच्या दिवसांत तिला नावे आठवत नसत, पण एका संध्याकाळी होळीच्या घरात ओटीवर बसून तिने मान किंचित डावीकडे वळवली, पापण्या खाली नेल्या, पुन्हा वर उचलल्या, आणि मला म्हणाली, “अशी बघायची ती.”